स्क्रीनशॉट बेमालूम कसे जोडावेत? ‘गिम्प’मधली पद्धत, पायरीपायरीने

जमातच्या चंद्याची लांबलचक यादी, शिष्यवृत्तीच्या अर्जाचं पान, कब्रस्तानच्या जमिनीचा गट नकाशा, एखादा मोठा व्हॉट्सॲप संवाद. यांतलं काहीच मोबाईलच्या एका स्क्रीनवर मावत नाही. मग आपण तीन-चार स्क्रीनशॉट काढतो आणि ग्रुपवर टाकतो. पाहणाऱ्याला कोणता आधी, कोणता नंतर ते कळत नाही. एखादा स्क्रीनशॉट मधेच गहाळ होतो आणि गैरसमज सुरू होतात.

हे तुकडे जोडून एकच चित्र करता येतं. पण जोडताना एक ओळ जरी गळाली तरी एखाद्या घराचा चंदा हिशोबातून गळाला. एक ओळ दोनदा आली तर बेरीज चुकली. म्हणून ‘बेमालूम’ या शब्दाचे आम्ही इथे दोन अर्थ घेतो. एक, जोड डोळ्याला दिसू नये. दोन, जोडात काही हरवू नये आणि काही वाढू नये. दुसरा अर्थ जास्त महत्त्वाचा.

आधी पाहा : जोडायची गरज आहे का?

पुष्कळदा नसते. मतदार यादी, निकाल, शासन निर्णय हे सहसा पीडीएफमध्ये मिळतात. तिथे स्क्रीनशॉट काढत बसण्यापेक्षा मूळ फाइलच उतरवून घ्यावी. वेबसाइटचं अख्खं पान हवं असेल तर ब्राउझरमध्येच सोय असते :

- फायरफॉक्समध्ये पानावर राइट क्लिक करून ‘टेक स्क्रीनशॉट’ निवडावं, मग ‘सेव्ह फुल पेज’.
- क्रोममध्ये एफ-१२ दाबावं, नंतर कंट्रोल, शिफ्ट आणि पी एकत्र दाबून ‘कॅप्चर फुल साइज स्क्रीनशॉट’ शोधावं.
- आयफोनच्या सफारीत स्क्रीनशॉट काढल्यावर वर ‘फुल पेज’ असा पर्याय येतो. तो पानाची पीडीएफ करून देतो.
- अँड्रॉइड १२ पासून स्क्रीनशॉटनंतर ‘कॅप्चर मोअर’ दिसतं. काही कंपन्यांच्या फोनमध्ये त्याला ‘स्क्रोल’ म्हणतात.

या सोयी जिथे चालत नाहीत तिथे हाताने जोडावं लागतं. उदाहरणार्थ, नकाशा जो उभा-आडवा दोन्हीकडे सरकतो, किंवा ॲपमधली यादी जिथे स्क्रोल कॅप्चर होतच नाही, किंवा दुसऱ्याने पाठवलेले जुने स्क्रीनशॉट.

कोणतं सॉफ्टवेअर?

आम्ही ‘गिम्प’ धरून लिहीत आहोत. ते मोफत आहे, विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हीवर चालतं आणि जुन्या कॉम्प्युटरवरही बऱ्यापैकी चालतं. बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकणाऱ्या स्पेन्सर किम्बल आणि पीटर मॅटिस या दोघा विद्यार्थ्यांनी १९९५ मध्ये त्याचं काम सुरू केलं. २०२५ मध्ये त्याची ३.० ही आवृत्ती आली. खाली सांगितलेल्या मेनूंचे शब्द आवृत्तीनुसार थोडे बदलतात, पण पद्धत तीच राहते.

ज्यांच्याकडे फोटोशॉप आहे त्यांनीही हीच पद्धत वापरावी. लेयर, ‘डिफरन्स’ आणि मास्क तिथेही आहेत. फोटोशॉपच्या आपोआप जोडणाऱ्या सोयीबद्दल पुढे लिहिलं आहे.

स्क्रीनशॉट काढतानाच अर्धं काम होतं

जोडताना येणाऱ्या बहुतेक अडचणींचं मूळ स्क्रीनशॉट काढण्यात असतं. म्हणून हे नियम पाळावेत :

१. झूम बदलू नका. पहिला स्क्रीनशॉट १०० टक्क्यांवर आणि दुसरा ११० वर असेल तर ते कधीच जुळणार नाहीत. मोबाईलवर दोन बोटांनी मोठं केलेलं पान पूर्ण लहान करून मगच सुरुवात करा.

२. दर वेळी थोडा भाग सामाईक ठेवा. स्क्रीनच्या पाचव्या-सहाव्या हिश्श्याइतका पुरतो. यादी असेल तर आधीच्या स्क्रीनवरच्या शेवटच्या दोन-तीन ओळी पुढच्या स्क्रीनवर वर दिसल्याच पाहिजेत. हा सामाईक भागच आपला धागा.

३. सगळे स्क्रीनशॉट एकाच फोनवर, एकाच बैठकीत काढा. मधेच डार्क मोड सुरू झाला, फोन आडवा झाला किंवा अक्षरांचा आकार बदलला तर काम वाया.

४. कॉम्प्युटरवर माउसचा बाण मजकुरावरून बाजूला न्या.

५. फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका. तिथे चित्र दाबलं जातं आणि अक्षरांच्या कडेला धुरकट दाणे येतात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा किंवा केबलने कॉम्प्युटरवर घ्या.

६. फाइलींना ०१, ०२, ०३ अशी क्रमाने नावं द्या. मूळ फाइली एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि त्यांना हात लावू नका. काम नेहमी नकलेवर.

पायरी १ : सगळे तुकडे एकाच फाइलीत

गिम्पमध्ये ‘फाइल’ मेनूतून ‘ओपन ॲज लेयर्स’ घ्या आणि सगळे स्क्रीनशॉट एकदम निवडा. उजवीकडच्या लेयर पट्टीत ते एकाखाली एक दिसतील. लेयर म्हणजे पारदर्शक ट्रेसिंग पेपरसारखा एकेक थर. प्रत्येक थर वेगळा हलवता येतो.

आता जागा वाढवा. ‘इमेज’ मेनूत ‘कॅनव्हास साइज’ उघडा, रुंदी-उंचीमधली साखळी तोडा आणि उंची वाढवा. किती? एक हिशोब पाहू.

समजा फोनचा स्क्रीनशॉट १०८० × २४०० पिक्सेल आहे. वरची घड्याळाची आणि नावाची पट्टी २६० पिक्सेल, खालची टाइप करायची पट्टी १८० पिक्सेल. मधला खरा मजकूर उरतो १९६० पिक्सेल. तीन स्क्रीनशॉट आहेत आणि दर दोहोंत ४०० पिक्सेल सामाईक आहेत. तर मजकुराची उंची १९६० × ३ वजा ८००, म्हणजे ५०८०. वरची पट्टी एकदा, खालची पट्टी एकदा धरली की एकूण ५५२०. कॅनव्हास ६००० ठेवला तर काम करायला मोकळी जागा राहते. जास्तीची जागा शेवटी कापायचीच आहे.

पायरी २ : नको त्या पट्ट्या काढा

प्रत्येक स्क्रीनशॉटवर वरची पट्टी पुन्हा पुन्हा येते. ती मधे राहिली तर जोड लगेच उघडा पडतो. वेबसाइटवरही वर चिकटून राहणारा मेनू असतो, तोही हाच त्रास देतो.

पहिल्या तुकड्याची फक्त खालची पट्टी काढायची, शेवटच्याची फक्त वरची, मधल्यांच्या दोन्ही. लेयर निवडा, ‘आर’ दाबून चौकोनी निवड घ्या, ठेवायचा तेवढा भाग निवडा आणि ‘लेयर’ मेनूतून ‘क्रॉप टू सिलेक्शन’ करा. मग ‘सिलेक्ट’ मेनूत ‘नन’. निवड तशीच राहिली तर पुढचं कोणतंच काम नीट होत नाही आणि कारण लवकर सापडत नाही.

पायरी ३ : सरकवा आणि ‘डिफरन्स’ने जुळवा

हीच खरी किल्ली आहे. नुसत्या नजरेने जुळवलं तर एक-दोन पिक्सेलची चूक राहते.

आधी पहिले दोन लेयरच दिसू द्या. बाकीच्यांच्या डोळ्याच्या खुणा बंद करा. दुसरा लेयर पहिल्याच्या वर आणि निवडलेला हवा. ‘एम’ दाबून सरकवायचं साधन घ्या. त्याच्या पर्यायांत ‘मूव्ह द ॲक्टिव्ह लेयर’ निवडा, नाहीतर भलताच थर हलतो. दुसरा लेयर ओढत अंदाजे जागेवर आणा.

आता लेयर पट्टीच्या वर ‘मोड’ असतो. तो ‘नॉर्मल’वरून ‘डिफरन्स’ करा. हा मोड वरच्या आणि खालच्या थराच्या रंगांची वजाबाकी करतो. दोन्हीकडे रंग अगदी सारखा असेल तर उत्तर शून्य, म्हणजे काळं. जिथे फरक आहे तिथे उजळ कडा चमकतात. म्हणून सामाईक भाग पूर्ण काळा होईपर्यंत सरकवत राहायचं.

बारीक सरकवण्यासाठी आधी चित्रावर एकदा क्लिक करा, मग कीबोर्डचे बाण वापरा. एका दाबाला एक पिक्सेल. शिफ्ट धरून बाण दाबला तर मोठी उडी. झूमसाठी ‘१’ दाबलं तर १०० टक्के, ‘२’ दाबलं तर २०० टक्के.

उभ्या यादीत डावी-उजवीकडे सरकण्याचं कारणच नाही. लेयरचे गुणधर्म उघडले की ‘ऑफसेट एक्स’ आणि ‘ऑफसेट वाय’ असे आकडे दिसतात. एक्स सरळ शून्य करा. वायचा अंदाजही हिशोबाने येतो : वरच्या उदाहरणात दुसरा लेयर २६० अधिक १९६० वजा ४००, म्हणजे १८२० वर बसेल. तिसरा त्याच्या खाली १५६० पिक्सेलवर, म्हणजे ३३८० वर.

सामाईक भाग काळा झाला की मोड परत ‘नॉर्मल’ करा आणि तिसऱ्या लेयरकडे वळा.

काळं होतच नसेल तर

- सगळीकडे मंद करडे दाणे दिसतात पण कडा चमकत नाहीत : चित्र जेपीजीमध्ये दाबलेलं आहे. जागा बरोबर आहे, पुढे जा.
- एका टोकाला काळं, दुसऱ्या टोकाकडे हळूहळू फरक वाढत जातो : दोन्हींचा झूम वेगळा आहे. ओढून-ताणून जुळवू नका, स्क्रीनशॉट पुन्हा काढा.
- एक पिक्सेल वर नेलं तरी चमकतं, एक खाली नेलं तरी चमकतं : पान अर्ध्या पिक्सेलवर थांबलेलं आहे. ब्राउझरचा झूम १०० टक्के करून पुन्हा काढणं हाच उपाय.
- फक्त एका ठिकाणी चमकतं : तिथे काहीतरी बदललं आहे. जाहिरात, ‘ऑनलाइन’ची खूण, निळी झालेली टिक. जोडाची रेघ त्या जागेपासून दूर घ्या.

पायरी ४ : जोड कुठे द्यायचा?

दोन तुकडे अचूक जुळले की खरं तर कुठेही कापलं तरी चालतं. तरी दोन ओळींच्या मधल्या मोकळ्या जागेत कापणं चांगलं. एखादी बारीक चूक राहिलीच तर अक्षर तुटत नाही.

देवनागरीत एक मोठी सोय आहे : शिरोरेषा. ती सरळ आडवी रेघ असल्यामुळे एक पिक्सेलची चूकही जाड किंवा दुहेरी रेघ म्हणून दिसते. पण वरची वेलांटी, मात्रा आणि खालचे उकार विसरू नका. रेघ शिरोरेषेला लागून घेतली तर ‘की’चा ‘का’ होऊ शकतो.

उर्दू नस्तालीकमध्ये जास्त जपावं लागतं. या खतात शब्द उजवीकडून डावीकडे तिरके उतरतात आणि वरच्या ओळीचे नुक्ते खालच्या ओळीच्या जवळ येतात. दोन ओळींमध्ये सरळ आडवी मोकळी पट्टी बऱ्याचदा मिळतच नाही. नुक्ता गेला की ‘जीम’चा ‘हे’ होतो आणि नाव बदलतं. अशा मजकुरात परिच्छेद संपतो तिथेच जोड द्यावा.

दुसरी गोष्ट : मजकुराच्या स्क्रीनशॉटला कडा मऊ करू नका. फोटो जोडताना एक चित्र दुसऱ्यात हळूहळू मिसळवतात. आकाश किंवा भिंत असेल तर ते छान दिसतं. अक्षरं मिसळवली की भुतासारखी दुहेरी दिसतात. मजकुराला कडक, सरळ कड हवी.

नकाशा जोडायचा असेल तर

कब्रस्तान, ईदगाह किंवा शेताचा गट नकाशा महाराष्ट्र शासनाच्या महाभूनकाशा संकेतस्थळावर पाहता येतो. मोठा भाग एका स्क्रीनवर नीट दिसत नाही, म्हणून लोक तुकडे जोडतात. इथे काम यादीपेक्षा वेगळं आहे.

नकाशा दोन दिशांनी सरकतो. म्हणून आधी एक आडवी रांग पूर्ण काढा, मग खाली येऊन दुसरी. प्रत्येक बाजूने साधारण चौथा हिस्सा सामाईक ठेवा. जोडताना मधल्या तुकड्यापासून बाहेर जा. एका टोकापासून सुरुवात केली तर प्रत्येक जोडाची बारीक चूक पुढच्यात जमा होत जाते आणि दुसऱ्या टोकाला हद्दीची रेघ तुटलेली दिसते.

बऱ्याच ऑनलाइन नकाशांत गावांची, रस्त्यांची नावं सरकवल्यावर जागा बदलतात. त्यामुळे नावांवरून जुळवू नका. रस्त्याचा फाटा, विहीर, हद्दीचा कोपरा अशा पक्क्या खुणा धरा. दुहेरी आलेलं नाव काढायला ‘लेयर मास्क’ वापरा : वरच्या लेयरला पांढरा मास्क जोडा आणि काळ्या ब्रशने तेवढा भाग रंगवा. तो भाग पुसला जात नाही, फक्त झाकला जातो. चूक झाली तर पांढऱ्या ब्रशने परत आणता येतो. म्हणूनच खोडरबरापेक्षा मास्क बरा.

नकाशावरची मापाची पट्टी आणि श्रेयाची ओळ कापू नका. आणि हे लक्षात ठेवा की जोडलेला नकाशा समजून घेण्यासाठी आहे. हद्दीचा वाद असेल तर भूमी अभिलेख कार्यालयाची प्रमाणित नक्कल आणि मोजणीच लागते.

आपोआप जोडणारी सॉफ्टवेअर

फोटोशॉपमध्ये ‘फाइल’, ‘ऑटोमेट’, ‘फोटोमर्ज’ असा मार्ग आहे. तिथे ‘रिपोझिशन’ निवडावं. त्यात चित्र फक्त सरकतं, ताणलं किंवा वाकवलं जात नाही. बाकीचे पर्याय कॅमेऱ्याच्या फोटोंसाठी आहेत. ‘हगिन’ हे मोफत सॉफ्टवेअरही मुळात पॅनोरमा फोटोंसाठीच आहे.

यादीच्या स्क्रीनशॉटवर आपोआप जोडणारी सॉफ्टवेअर फसण्याचा धोका जास्त असतो. कारण साधं आहे : यादीतल्या ओळी एकमेकींसारख्या दिसतात. ‘५०० रुपये’ असं वीस वेळा लिहिलेलं असेल तर सॉफ्टवेअर एक ओळ सोडून पुढच्या ओळीवर जुळवू शकतं आणि जोड अगदी स्वच्छ दिसतो. चूक कळतच नाही. म्हणून आपोआप जोडलेलं चित्रही ओळ-ओळ तपासावं.

पायरी ५ : तपासा, मग साठवा

तपासणी अशी करा. यादीला अनुक्रमांक असतील तर प्रत्येक जोडापाशी ते सलग आहेत का पाहा. रकमा असतील तर बेरीज करून मूळ बेरजेशी ताळा घ्या. संवाद असेल तर वेळा चढत्या क्रमाने आहेत का पाहा. शक्यतो ज्याने जोडलं नाही त्याच्याकडून एकदा वाचून घ्या. नवा डोळा चूक लवकर पकडतो.

मग ‘इमेज’ मेनूत ‘क्रॉप टू कंटेंट’ करून रिकामी जागा कापा. गिम्पची एक्ससीएफ फाइल साठवा, त्यात लेयर वेगळे राहतात आणि उद्या दुरुस्ती करता येते. वाटण्यासाठी ‘एक्सपोर्ट ॲज’मधून पीएनजी करा. अक्षरांसाठी पीएनजीच चांगली.

छापायचं असेल तर एक अडचण येते. १०८० रुंद आणि ५५२० उंच चित्र ए-४ कागदावर एकाच पानात बसवलं तर अक्षरं मुंगीएवढी होतात. रुंदी कागदाइतकी ठेवली तर एका पानावर साधारण १५०० पिक्सेल उंची मावते, म्हणजे चार पानं. ती ओळींच्या मधे कापा आणि प्रत्येकावर पान क्रमांक घाला.

अमानत आणि कायदा

जोडलेलं चित्र म्हणजे आपण तयार केलेली प्रत. त्यातून एखादं वाक्य गाळणं किंवा क्रम बदलणं हे या साधनांनी फार सोपं आहे, म्हणूनच ही अमानत समजून काम करावं. सूरह अल-हुजुरातच्या सहाव्या आयतीत बातमीची शहानिशा करण्याचा हुकूम आहे. दुसऱ्याने जोडलेला लांब ‘चॅट’ पुढे ढकलण्यापूर्वी मूळ स्क्रीनशॉट मागण्यात काही गैर नाही.

प्रकरण पोलिसांत किंवा कोर्टात जाणार असेल तर जोडलेल्या चित्रावर भिस्त ठेवू नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू आहे. त्याच्या कलम ६३ मध्ये इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्राची तरतूद आहे आणि त्या नमुन्यात फाइलीची ‘हॅश’ नोंदवावी लागते. जुन्या कायद्यातलं कलम ६५-ब तसंच होतं. जालना विधानसभा निवडणुकीवरून उभ्या राहिलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अशा प्रमाणपत्राची गरज स्पष्ट केली होती. त्यामुळे मूळ फोन, मूळ संवाद आणि न बदललेले स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि वकिलांचा सल्ला घ्या.

शेवटी एक काळजी. अर्जाच्या पानावर आधार क्रमांक, खाते क्रमांक, मुलींचे फोटो, मोबाईल नंबर असतात. ग्रुपवर टाकण्यापूर्वी ते ठळक काळ्या चौकोनाने झाका. नुसतं धूसर करणं पुरेसं नाही. झाकल्यावर ‘फ्लॅटन इमेज’ करून पीएनजी पाठवा. एक्ससीएफ फाइल पाठवलीत तर काळा चौकोन बाजूला सरकवून कुणीही खालचा आकडा वाचू शकतो.